कागद आधी, पाना नंतर : जुन्या सुट्या भागांतून घरी पिकअप उभारताना

आमच्या कोठ्यामागे एक चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, गेली सहा वर्षे चार सिमेंटच्या ठोकळ्यांवर उभी आहे आणि रात्री तिच्यावर कोंबड्या मुक्कामाला बसतात. ती माझी पहिली पिकअप. लोखंड उत्तम होते आणि भावही वाजवी होता. फक्त चेसिस नंबरच्या जागेवर कोणीतरी ग्राइंडर फिरवलेला होता, आणि ही गोष्ट मला पैसे देऊन झाल्यावर, तारेच्या ब्रशने गंज खरवडताना कळली. ज्यांना हे काम नव्याने हाती घ्यायचे आहे, त्यांनी पान्यांचा संच विकत घेण्यापूर्वी कागदांचा भाग समजून घ्यावा, म्हणून लेखाची सुरुवात तिथूनच करतो.

कायद्याच्या नजरेतील गाडी

कायद्याच्या दृष्टीने गाडी म्हणजे तिचा चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि त्यांच्याशी जुळणारे नोंदणी प्रमाणपत्र. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जीपच्या चेसिसवर डाला, म्हणजे मागचा माल ठेवायचा भाग, बसवून तिची पिकअप करणे, एका कंपनीच्या चेसिसवर दुसरीचे इंजिन चढवणे, चेसिस कापून लांब करणे, हे सगळे या कलमात येते. इंजिन बदलायचेच असेल, तर ते त्याच बनावटीचे व त्याच प्रकारचे असावे आणि आरटीओची परवानगी आधी घ्यावी.

‘व्हिंटेज’ या शब्दानेही अनेकांची फसगत होते. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी व्हिंटेज नोंदणी आली, ती पन्नास वर्षांहून जुन्या, बिगर-व्यावसायिक दुचाकी आणि चारचाकी गाड्यांसाठी आहे. त्या गाड्या मूळ स्वरूपात असाव्या लागतात. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. त्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे, आणि एवढे करून ती गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. चार गाड्यांचे भाग जोडून तयार केलेली पिकअप कितीही जुनी दिसली तरी या चौकटीत बसत नाही.

त्यामुळे नवख्या माणसापुढे दोनच सरळ वाटा उरतात. पहिली अशी की ज्या गाडीच्या प्रमाणपत्रावर आधीच पिकअप किंवा मालवाहू अशी नोंद आहे आणि जिचे कागद जिवंत आहेत, तीच आधारगाडी म्हणून घ्यावी आणि त्याच मॉडेलच्या भंगारातील भागांनी तिला पुन्हा उभे करावे. दुसरी वाट म्हणजे मनाला येईल तशी गाडी बांधावी, पण ती स्वतःच्या शेताच्या धुऱ्याबाहेर नेऊ नये. इथे आपल्याकडे एक गैरसमज आहे. पांदण रस्ता म्हणजे आपलाच रस्ता असे गावात सर्रास मानले जाते. परंतु जिथे लोकांना जाण्यायेण्याचा हक्क आहे ती जागा कायद्याने सार्वजनिकच असते, म्हणून विनानोंदणीची गाडी घरून वावरात नेताना पांदणीवर चालवली तरी ती रस्त्यावर चालवल्यासारखीच आहे. माझी दुसरी पिकअप पहिल्या वाटेने झाली आणि पुढील सर्व मजकूर तिच्या अनुभवावर आधारलेला आहे.

खरेदीपूर्वी नंबर ‘वाहन’ या सरकारच्या संगणकीय नोंदणी प्रणालीत दिसतो का ते पाहावे. जुलै १९८९ पूर्वीच्या, तीन अक्षरांच्या क्रमांकाच्या गाड्यांची नोंद कित्येकदा संगणकावर चढलेलीच नसते आणि ती चढवून घेण्यात महिने जातात. बँकेचा बोजा, थकीत कर, दुसऱ्या राज्याची गाडी असल्यास नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र, आणि हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३० वर विक्रेत्याच्या सह्या या गोष्टी पैसे देण्याआधी हातात असाव्यात. लिलावातील सरकारी जीप स्वस्तात देतो असे कोणी म्हटले तर विशेष सावध राहावे, कारण १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालू राहत नाही. अशा गाडीतून भाग मिळतील, कागद मिळणार नाहीत. नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचावा. त्या जागेवरील रंग आणि गंज तारेच्या ब्रशने काढून वर खडू घासला, की खोलगट अक्षरे उठून दिसतात. आजूबाजूचा पत्रा जास्त गुळगुळीत किंवा पातळ वाटला, तर तिथूनच परत फिरावे.

आधारगाडी कोणती घ्यावी

जुन्या वळणाची पिकअप म्हटले की गोल मडगार्ड, पुढे आलेले बोनेट आणि लाकडी डाला असे चित्र डोळ्यांपुढे येते. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना १९२८ पासून १९५४ पर्यंत चालला, पुढे प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फारगो बाहेर पडल्या, आणि त्यांतली एखादी कवटी अजूनही जिनिंगच्या आवारात बाभळीखाली पडलेली दिसते. ती पाहून मोह होतो. पण तिचे ब्रेकचे आणि स्टिअरिंगचे भाग मिळवताना नवखा माणूस थकून जातो. शिडीच्या आकाराची स्वतंत्र चेसिस, मागे-पुढे कमानपाटे (धक्के झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांचे संच) आणि तालुक्याच्या ठिकाणी मिळणारे सुटे भाग या तीन गोष्टी पाहाव्यात. या हिशेबाने महिंद्राच्या जुन्या पिकअप आणि टाटा २०७ या दोन आपल्या भागात सोयीच्या पडतात. त्याच मॉडेलची एक किंवा दोन मेलेली गाडी भागांसाठी मिळाली तर उत्तम.

जागा, वीज आणि हंगाम

काळ्या मातीवर जॅक लावू नये. उन्हाळ्यात ती दगडासारखी वाटते, पण भेगांवर वजन आले की जॅक तिरपा होतो, आणि पावसाळ्यात तर सरळ आत जातो. सिमेंटचे खळे किंवा किमान जाड फरशी हवी, आणि गाडी जॅकवर कधीही सोडू नये. खाली लोखंडी घोड्या लावल्याशिवाय कोणीही गाडीखाली जाऊ नये.

वेल्डिंगला सिंगल फेजवर चालणारे इन्व्हर्टर यंत्र पुरते, परंतु शेतीपंपांची पाळी सुरू झाली की गावातला व्होल्टेज पडतो, रॉड चिकटायला लागतो आणि नवख्याला वाटते की आपलाच हात वाईट आहे. पंप बंद असतील ती वेळ साधावी, मीटरपासून जाड तारेची वेगळी लाइन आणि अर्थिंग घ्यावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आसपास कुटार, तणस, पऱ्हाटीचा ढीग किंवा घरात भरून ठेवलेला कापूस नसावा. कापसात गेलेली ठिणगी लगेच पेटत नाही, आत धुमसत राहते. एकदा ग्राइंडरची ठिणगी आमच्या कुटाराच्या ढिगात गेली आणि संध्याकाळी सहाच्या कामाचा धूर रात्री साडेनऊला दिसला. तेव्हापासून काम संपल्यावर दोन तास तिथून हलायचे नाही आणि पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवायच्या, असा घरात नियम आहे.

संक्रांतीनंतर सुरुवात करावी. लोखंडकाम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये संपवून जूनच्या पहिल्या आठवड्यापूर्वी सगळ्यावर प्रायमर चढलेला असावा, कारण मृग लागल्यावर उघडा घासलेला पत्रा एका रात्रीत तांबूस होतो. इंजिन आणि वायरिंगची कामे पावसाळ्यात शेडखाली होतात.

खोलणे आणि मोजणे

खोलताना प्रत्येक सांध्याचा फोटो घ्यावा आणि बोल्ट वेगवेगळे ठेवावेत. कपाशीच्या बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या मी जमवून ठेवल्या होत्या. त्यांत एकेका जागेचे नट-बोल्ट घालून वर मार्करने नाव लिहिले. फवारणीच्या औषधाचे डबे मात्र यासाठी वापरू नयेत. अडकलेल्या नटाला आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल लावावे आणि सकाळी हलक्या हातोडीने चारी बाजूंनी ठोकून मग रिंग पाना लावावा.

चेसिस उघडी झाली की खरी परीक्षा होते, आणि या मोजणीत घाई केली तर पुढचे सगळे काम वाकडे जाते. चेसिस घोड्यांवर सपाट ठेवावी. पुढच्या आणि मागच्या पाट्यांच्या हँगरची भोके, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंची, आणि मधल्या आडव्या पट्ट्यांच्या दोन्ही टोकांचे बोल्ट अशा जोड्या निवडाव्यात. प्रत्येक भोकाच्या मध्यातून गवंड्याचा ओळंबा खाली सोडावा, तो पूर्ण थांबेपर्यंत श्वास रोखून वाट पाहावी आणि टोकाखाली फरशीवर बारीक फुली मारावी. मग चौघांनी चेसिस उचलून बाजूला करावी. फरशीवर उरलेल्या फुल्यांमध्ये तिरप्या रेषा मोजाव्यात : पुढच्या डाव्या फुलीपासून मागच्या उजव्यापर्यंत आणि पुढच्या उजव्यापासून मागच्या डाव्यापर्यंत. दोन्ही मापे पाच मिलिमीटरच्या आत जुळली तर चेसिस सरळ समजून पुढे जावे. एका चेसिसमध्ये मला हा फरक अठरा मिलिमीटर आला होता आणि विकणारा म्हणत होता की चाकांच्या अलाइनमेंटमध्ये निघून जाईल. ते निघून जात नाही, कारण मागच्या अ‍ॅक्सलचा हाउसिंगच तिरपा बसतो आणि गाडी रस्त्यावर कुत्र्यासारखी आडवी धावते. अशी चेसिस घरी सरळ करण्याचा प्रयत्न करू नये.

याच वेळी छोट्या हातोडीने चेसिसवर इंचाइंचाने ठोकत जावे. निरोगी जागी स्वच्छ टणत्कार येतो. गंजाने पोखरलेल्या जागी आवाज बसका येतो. आमच्याकडे गंज म्हणजे भाजीचे पातेलेही, त्यामुळे माझ्या आईला बरेच दिवस कळत नव्हते की मी रोज कोणता गंज घासत बसतो. वरवरचा गंज तारेच्या चाकाने काढून टाकावा. पत्र्याला भोक पडले असेल तर तेवढा तुकडा निरोगी पत्र्यापर्यंत कापून नवा बसवावा. त्यावर पुट्टी थापणे म्हणजे दोन पावसाळ्यांपुरते झाकण आहे.

वेल्डिंग कुठे करावे आणि कुठे करू नये

केबिनचा पत्रा साधारण अठरा ते वीस गेजचा, म्हणजे सुमारे १.२ ते ०.९ मिलिमीटर जाडीचा असतो. त्यावर नेहमीचा जाड रॉड लावला की भोक पडते, म्हणून सीओटू वेल्डिंग असलेल्या गॅरेजमध्ये तो भाग करून घेणे शहाणपणाचे. घरीच करायचे असेल तर दोन मिलिमीटरचा ६०१३ रॉड, कमी अँपिअर आणि सलग न ओढता एकमेकांपासून दूर दूर टाके, एवढे पथ्य पाळावे. आधी भंगाराच्या पत्र्यावर हात बसवावा. ब्रॅकेटसारख्या जाड कामाला ७०१८ रॉड चांगला, पण तो ओल धरतो, वापरण्यापूर्वी भट्टीत तापवून कोरडा करावा लागतो.

डिझेलच्या जुन्या टाकीला, ती कितीही रिकामी दिसली तरी, वेल्डिंग लावू नये. आतल्या वाफेचा स्फोट होतो. स्टिअरिंगच्या कोणत्याही दांड्याला टाका मारू नये. पाट्यांबाबत मला आमच्या तालुक्यातील एका वयस्क कमानवाल्याने पहिल्याच दिवशी बजावले होते, “भाऊ, पाट्याले रॉड लावू नोको, उद्या मोडनच थो.” त्याचे कारण असे की पाट्याचे पोलाद कडक पाणी दिलेले असते आणि वेल्डिंगच्या उष्णतेने ते त्या जागी ठिसूळ होते. चेसिसवर काम करताना बॅटरी काढून ठेवावी आणि अर्थचा क्लॅम्प कामाच्या अगदी जवळ लावावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून वाट काढतो.

पाटे, स्टिअरिंग, ब्रेक

मजबुतीच्या नादात मोठ्या ट्रकचे पाटे चढवणारे बरेच दिसतात. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका असतो. पाटे फार कडक झाले की खड्ड्यावर मागची चाके जमीन सोडतात आणि ब्रेक लागत नाही. मूळ संख्येचेच पाटे ठेवावेत, मधला बोल्ट, बुश, शॅकल आणि यू-बोल्ट नवे घ्यावेत. किंगपिन आणि टाय रॉडचे एंड हाताने हलवून खेळ पाहण्यापेक्षा सरळ बदलावेत.

ब्रेकच्या बाबतीत भंगाराला हातच लावू नये. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडरचे किट, रबरी होज, लोखंडी पाइप आणि लायनर हे सगळे नवे. जुने ड्रम उघडताना आतली धूळ हवेच्या नळीने उडवू नये, कारण जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने पुसून ते फडके बांधून टाकावे. ब्रेक ऑइलऐवजी इंजिन ऑइल किंवा डिझेल घालण्याची गावठी युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नये, त्याने आतले रबर फुगते आणि ब्रेक जाम होतो. ब्रेकच्या पाइपांतली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी आणि सगळ्यात जवळचे चाक शेवटी घ्यावे.

टायर घेताना बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचावा. पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असूनही उन्हात वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचा टायर बाजूने तडकलेला असतो, आणि चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यातील डांबरावर तो फुटायला वेळ लागत नाही.

इंजिन

वर्षानुवर्षे बंद असलेल्या डिझेल इंजिनाला थेट सेल्फ मारू नये. डिझेल फवारणारे नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे इंजिन ऑइल सोडावे, दोन दिवस थांबावे, मग क्रँकच्या पुलीच्या बोल्टला मोठा गोटी पाना लावून हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावेत. अडले तर जोर न करता मेकॅनिकला बोलवावे. ऑइल दुधासारखे निघाले तर पाणी आत शिरले आहे हे समजावे. सगळे बरे असेल तर ऑइल आणि फिल्टर बदलून, रेडिएटर भरून, डिझेल फिल्टरवरचा हातपंप बुडबुडे थांबेपर्यंत मारावा आणि मग सेल्फ द्यावा.

पहिल्यांदा चालू करताना इंजिन जिथून हवा ओढते त्या तोंडाजवळ एक माणूस सपाट लाकडी फळी घेऊन उभा करावा. डिझेल पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) अडकलेला असेल तर डिझेल इंजिन स्वतःहून वेग घेत सुटते आणि चावीने बंद होत नाही. तेव्हा फळीने हवा कोंडणे हाच उपाय असतो. हात किंवा फडके लावू नये, ते आत ओढले जाते.

डाला आणि उरलेले

डाल्याच्या तळासाठी मी गावच्या वाढयाला, म्हणजे सुताराला, बोलावले, ज्याने उभी हयात बंड्या (बैलगाड्या) केल्या. आरागिरणीतून बिलासह आणलेल्या सागाच्या इंचभर जाडीच्या फळ्या मी एकीला एक घट्ट भिडवून मांडल्या होत्या. त्याने काही न बोलता त्या उचलल्या, प्रत्येक दोन फळ्यांमध्ये खिळ्याची जाडी ठेवून पुन्हा मांडल्या आणि म्हणाला, “पाणी पेल्यावर फळी कुठं जाईन? जागा ठेवा लागते.” फटींमधून पाणी निथळते आणि पावसात फुगलेल्या फळ्या उचकत नाहीत. फळ्या गोल डोक्याच्या, मानेशी चौकोनी असलेल्या बोल्टने आवळाव्यात, म्हणजे पोते ओढताना अडकत नाही. डाला चेसिसला वेल्ड न करता मूळ जागच्या यू-क्लॅम्पनेच बांधावा.

वायरिंग पूर्ण नवे टाकावे, हेडलाइटला रिले आणि प्रत्येक लाइनला फ्यूज द्यावा, आणि तारा जाळीदार नळीतून न्याव्यात, कारण आपल्याकडे घुशी शेडमधल्या गाडीची तार एका रात्रीत कुरतडतात. रंग मे महिन्यातील दुपारी मारू नये, तो लावता लावता वाळतो. रंग बदललाच असेल, तर त्याची नोंद प्रमाणपत्रावर करून घ्यावी.

शेवटी विमा आणि मालवाहू गाडी असल्यास योग्यता प्रमाणपत्र. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला ते दरवर्षी घ्यावे लागते. ते हाती येईपर्यंत गाडी खळ्यावरच पुढे-मागे करून ब्रेक तपासावा. रस्त्यावर निघाल्यानंतर पहिल्या शंभर किलोमीटरला यू-बोल्ट, चाकांचे नट आणि प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट पुन्हा आवळावेत. माझ्या गाडीत डाव्या मागच्या यू-बोल्टचा नट अर्धा फेरा फिरला होता.